शिफ्टमधली माणसं मनापासून राबावीत म्हणून सुपरवायझरने आधी काय करावं?

उद्यमबाग_शिफ्ट | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न फाउंड्रीच्या शिफ्ट सुपरवायझरांचा आहे, पण बचत गट, सोसायटी, मंडळ चालवणाऱ्यांनीही लिहावं.

समजा, बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या एका मध्यम फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात) मोल्डिंगची, म्हणजे रेतीचे साचे करणारी, ३० माणसांची शिफ्ट आहे. येळ्ळूर, कंग्राळी, खानापूरकडची मराठी माणसं, बैलहोंगल-गोकाककडची कन्नड माणसं आणि ठेकेदाराने ओडिशा-बिहारहून आणलेली मुलं. सुपरवायझर डिप्लोमावाला. पगारवाढ त्याच्या हातात नाही, माणूस ठेवणं-काढणंही नाही. वरून रोज एकच विचारणा: पेट्या (रेतीचे साचे) किती पडल्या, रिजेक्शन (नापास नग) किती.

भाषणं, 'महिन्याचा उत्तम कामगार' असा फोटो, वर्षातून एक जेवण, हे सगळीकडे करून झालेलं आहे आणि आठवडाभरात विरतं. माणसांची सेवा करत त्यांचं नेतृत्व करायचं म्हणतात, ते सकाळी सातच्या शिफ्टला नेमकं कसं करायचं? पायऱ्या सांगा. सुविचार नकोत.

रेती_ओलावा | सोमवार, रात्री १०.२५

मोल्डरचा उत्साह कशाने मरतो तिथून सुरुवात करू. त्याने पेटीत रेती नीट ठोकली, व्हेंट (वायू जायची भोकं) काढले, तरी कास्टिंगमध्ये (ओतलेल्या नगात) ब्लो होल (वायूची पोकळी) आलं आणि नाव त्याचं लागलं. चूक मिक्सरवर झालेली होती, रेतीत ओलावा जास्त गेला होता. असं महिन्यात दोन-तीनदा झालं की माणूस मन लावून ठोकणं सोडून देतो, कारण मन लावून फायदा नाही हे त्याला कळलेलं असतं. त्याला व्याख्यान देऊन उपयोग नाही. रेती दुरुस्त करून द्या.

म्हणून सुपरवायझरने शिफ्टच्या अर्धा तास आधी यावं आणि मोल्डर ज्या वस्तूंना हात लावणार त्या स्वतः बघाव्यात. आधी रेती. साध्या ग्रीन सँडला (साच्याच्या ओल्या रेतीला) ओलावा ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास हवा. लॅबचं रीडिंग येईपर्यंत मूठ दाबून बघा: गोळा धारदार कडेने तुटला पाहिजे आणि तळहाताला चिकटता कामा नये. नॉकआउटची (साचा फोडून नग काढल्यावरची) रेती गरमच परत मिक्सरला आली असेल तर रीडिंग बरोबर येऊनही पेटीपर्यंत ती वरून वाळते, मग साच्याच्या कडा ढासळतात आणि रेती धातूत जाते. थंड व्हायला वेळ नसेल तर निदान त्या बॅचची रेती पातळ भिंतीच्या जॉबला देऊ नका.

मग पेट्यांच्या पिना आणि बुश (पिन ज्यात बसते ती नळी). पिन झिजली की वरची-खालची पेटी सरकते, जोडावर पायरी येते आणि फेटलिंगवाला (नग घासून साफ करणारा) दोन तास घासत बसतो. झिजलेल्या पेटीवर खडूने फुली मारून ती बाजूला काढा. मोल्डरला ती 'चालवून घे' म्हणू नका.

लाडल (धातू ओतायचं भांडं) आतून लालसर दिसेपर्यंत तापलेलं आहे का, डिप पायरोमीटरची (धातूचं तापमान मोजायच्या यंत्राची) टीप शिल्लक आहे का, कोर ओव्हनमधून कोर (नगात पोकळी ठेवणारे रेतीचे गाभे) पूर्ण भाजून आलेत का, पिण्याचं पाणी भरलंय का. एवढी फेरी वीस मिनिटांत होते. पहिले चार-पाच दिवस कुणी काही बोलणार नाही. नंतर मोल्डर स्वतः हाक मारतो, "साहेब, ती सहा नंबरची पेटी पण बघा की." तिथून खरं काम सुरू होतं.

मच्छे_रात्रपाळी | सोमवार, रात्री १०.५०

फेरी ठीक. पण बुश बदलायला मेंटेनन्सवाला येत नाही, पैसे मालकाकडे. सुपरवायझरने नुसतं बघून करायचं काय?

रेती_ओलावा | सोमवार, रात्री ११.१५

शंभर पानी वही घ्या. नाव 'अडचण वही'. रकाने: तारीख, कुणी सांगितलं, अडचण, कुणाकडे दिली, कधीपर्यंत, काय झालं. वही सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही, मोल्डिंगच्या खांबाला दोरीने टांगायची. ज्याला लिहिता येत नाही त्याचं सुपरवायझरने लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं.

प्रत्येक अडचणीला तीनपैकी एक वाट असते. स्वतःच्या हातात असलेली त्याच शिफ्टला सोडवायची: फावड्याचा दांडा, बल्ब, पंख्याची दिशा, ट्रॉलीच्या चाकाला ग्रीस. दुसऱ्या खात्याची असेल तर तिथल्या माणसाचं नाव आणि तारीख घालून द्यायची. पैशाची असेल ती आठवड्यातून एकदा वर न्यायची, पण नुसती मागणी म्हणून नाही. झिजलेल्या बुशमुळे किती कास्टिंगला पायरी आली, फेटलिंगचे किती तास जादा गेले, हे आठ दिवस मोजून कागदावर न्या. बुशची किंमत त्यापुढे किरकोळ दिसते.

मुख्य अट: दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टपर्यंत प्रत्येक नोंदीला उत्तर. 'होणार नाही, कारण असं' हेही उत्तरच. वही बंद पडते ती नकारामुळे नाही, तीन नोंदींपुढचा रकाना कोरा राहिला की पडते. मग माणसं लिहायचं थांबतात आणि पुन्हा सुरू करायला फार जड जातं.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ८.०५

एवढा खटाटोप कशाला? पीस रेट (नगामागची मजुरी) वाढवा, चांगल्या पेटीमागे बक्षीस लावा. माणूस पैशासाठीच येतो.

पॅटर्न_शॉप | मंगळवार, सकाळी ९.३०

पैसा आधी नीट हवाच. ओव्हरटाइम दुप्पट दराने, तोही वेळेवर. ज्याचा पगार अडकलाय त्याला प्रेरणेच्या गोष्टी सांगणं हा त्याचा अपमान आहे. पण पैसा पुरेसा आणि न्याय्य झाल्यावर प्रत्येक कृतीला बक्षीस लावत गेलं की उलटंही होतं. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये प्रयोग मांडले. आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना मध्येच पैसे द्यायला सुरुवात केली आणि नंतर बंद केली, तर त्यांची मोकळ्या वेळेतली आवड कमी झालेली दिसली. पुढे त्यांनी रिचर्ड रायन यांच्यासोबत मांडलं की माणसाला तीन गोष्टी लागतात: स्वतः ठरवायची थोडी मोकळीक, आपल्याला हे जमतंय ही जाणीव आणि आपल्या माणसांशी नातं. शिफ्टवर या तिन्ही गोष्टी सुपरवायझरच्या हातात असतात, त्याला मालकाची सही लागत नाही.

पीस रेटमधला खरा अन्याय कपातीचा आहे. सगळं रिजेक्शन मोल्डरच्या हजेरीतून कापू नका. रोज दुपारी रिजेक्ट झालेले नग मोल्डर, फर्नेसवाला आणि रेतीवाला यांच्यासमोर टेबलावर मांडा, फोडायचे ते फोडा, आणि कारण ठरवा. आतून गुळगुळीत गोल पोकळी असेल तर तो वायू: ओली रेती, कच्चा कोर किंवा कमी व्हेंट. आतून खरबरीत, खवल्यांसारखी पोकळी असेल तर धातू आकसलाय, रायझर-फीडिंगचा (आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या वाटेचा) दोष, म्हणजे साच्याचा नमुना आणि ओतायची पद्धत ठरवणाऱ्या आमच्या पॅटर्न-मेथडवाल्यांचा. कडा गोल होऊन मध्ये शिवण दिसत असेल तर कोल्ड शट, धातू थंड ओतला किंवा ओतताना धार तुटली. पातळ जॉबला १३८० ते १४२० अंश ठेवून ओतायला हवं आणि शेवटच्या पेट्यांपर्यंत लाडल थंडावतं, तर शेवटच्या पेट्यांचा दोष मोल्डरवर कसा टाकता? एस.जी. आयर्नमध्ये (मॅग्नेशियम घालून केलेल्या चिवट बिडात) तर मॅग्नेशियमचा परिणामच मिनिटागणिक उतरतो, ट्रीटमेंटनंतर आठ-दहा मिनिटांत ओतून संपलं पाहिजे.

या टेबलावर सुपरवायझरने शेवटी बोलायचं. आधी बोलला की सगळे त्याचीच री ओढतात.

सीमाभाग_बोली | मंगळवार, दुपारी १.१०

भाषेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे हा मुद्दा नाजूक आहे, तरी शॉपफ्लोअरवर तो सोडवणं सोपं आहे, मनात असलं तर.

शिफ्टच्या सुरुवातीची सभा सात मिनिटांची, उभ्याने. सुपरवायझरने मराठीत, मग एका ज्येष्ठ कन्नड कामगाराने कन्नडमध्ये, एका मुलाने हिंदीत. तिघांनीही तेच तीन मुद्दे: आजचा जॉब आणि त्यातली अडचणीची जागा, कालच्या वहीतलं काय सुटलं, आजची एक सुरक्षेची गोष्ट. सांगून झाल्यावर 'समजलं का' असं विचारू नका, सगळे मान हलवतात. ज्याला आज तो जॉब करायचाय त्याला पेटीवर हात ठेवून दाखवायला सांगा: व्हेंट कुठे काढणार, कोर कुठे बसणार. दाखवताना चुकला तर तिथेच दुरुस्त होतं, ओतल्यावर नाही.

भाषांतर करणारा रोज तोच नको. तसं झालं की तो त्या गटाचा छोटा मुकादम होतो आणि बाकीच्यांचं म्हणणं त्याच्याच मर्जीने वर येतं. आठवड्याला बदला.

आणि सुपरवायझर मराठी असेल तर त्याने निदान चाळीस-पन्नास कन्नड शब्द शिकावेत, कन्नड असेल तर मराठी. जेवणाच्या सुट्टीत "ऊटा आतेनरी?" (जेवलात का?) एवढं विचारलं तरी माणूस मोकळा होतो. ओडिशाची मुलं सणाला घरी जातात, त्यांच्या सणांच्या तारखाही शिफ्टच्या फळ्यावर लिहून ठेवा.

खानापूर_गट | मंगळवार, दुपारी ३.४५

फाउंड्रीतलं मला कळत नाही, गटाचं सांगते. कर्नाटकात २०००-०१ ला स्त्री शक्ती योजना आली तेव्हापासूनचे गट आपल्या तालुक्यात आहेत. त्यातले काही दणकट आहेत, काही एका बाईच्या जिवावर चालतात. दुसऱ्या प्रकारातली बाई सगळ्यांची सेवाच करत असते: बँकेत तीच जाते, वही तीच लिहिते, हप्ता कुणी चुकवला तर घरी तीच जाते. सगळ्या तिचं कौतुक करतात. ती आजारी पडली की दोन बैठकांत गट मोडतो, कारण बाकीच्यांना पासबुक वाचता येत नाही.

म्हणून सेवा म्हणजे दुसऱ्याचं काम आपण करून टाकणं नव्हे, हे आधी ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवेतून नेतृत्वाचा हा विचार मांडला तेव्हा कसोटी हीच ठेवली होती की ज्यांची सेवा केली ती माणसं स्वतः वाढली का, अधिक स्वतंत्र झाली का.

सचिव बदलायची आमच्याकडची रीत लिहिते. नवी सचिव पहिल्या महिन्यात शेजारी बसून बघते. दुसऱ्या महिन्यात ती लिहिते आणि जुनी बघते, पण पेन हातात घेत नाही. तिसऱ्या महिन्यात नवी एकटी लिहिते, जुनी फक्त महिन्याची बेरीज तपासते. अडतं ते दुसऱ्या महिन्यात: नवीचा हात हळू चालतो, बायकांना घरी जायची घाई असते, आणि जुनी म्हणते "आण इकडे, मी लिहिते." ते एवढं टाळायचं. बैठक अर्धा तास लांबली तरी चालेल.

पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. प्रत्येक बैठकीत जमा, कर्ज, शिल्लक मोठ्याने वाचायची. पंचसूत्री तीच: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. हप्ता चुकला तर बैठकीत सगळ्यांसमोर नाव घेण्याआधी अध्यक्षाने दोन दिवस आधी घरी जाऊन विचारावं. बहुतेक वेळा दवाखाना किंवा शाळेची फी निघते, मग हप्ता लहान करून मुदत वाढवायचा ठराव गटाने करायचा. माफ अध्यक्षाने परस्पर करायचं नाही.

रेती_ओलावा | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

ताई, दुसऱ्या महिन्याचं अगदी बरोबर लिहिलंत. मोल्डिंगलाही हेच होतं. नवीन पोराच्या हातून सुपरवायझर रॅमर (रेती ठोकायचं हत्यार) काढून घेतो आणि स्वतः ठोकून दाखवतो, वेगात. पोराला कळतं एवढंच की साहेबाला जमतं.

जुना_फोरमन | मंगळवार, रात्री ८.५५

वाचूलालोय सगळं. चांगलं आहे. पण एक सांगा: एवढं मऊ राहिलं तर पोरं डोक्यावर बसत्यात. फेस शील्ड न घालता ओतायला उभा राहिलेल्याला काय वहीत लिहून घ्यायचं?

पॅटर्न_शॉप | मंगळवार, रात्री ९.४०

नाही काका. तिथे ओतणं जागच्या जागी थांबवायचं. काही नियमांवर चर्चा नसते आणि ते थोडेच असावेत, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहतात. ओलं लाडल किंवा ओला स्क्रॅप धातूजवळ नाही. ओतताना शील्ड, लेदर एप्रन, पायाला गार्ड. मशीनचं गार्ड काढून काम नाही. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट होतं. वितळलेल्या धातूखाली चमचाभर पाणी अडकलं तरी धातू उडतो. हे सभेत एकदा नीट समजावून सांगितलं की नियम साहेबाच्या हट्टाचा वाटत नाही.

थांबवून झालं की माणसाला बाजूला घेऊन पहिला प्रश्न: घालायला काय आडवं येतंय? घामाने काच धुरकटते, पट्टा डोक्याला बसत नाही, पायाचा गार्ड मोठ्या मापाचा आहे म्हणून चालताना अडतो, अशी कारणं बहुधा निघतात. माप बदलून द्या, काच बदला. सगळं दिल्यावरही पुन्हा तेच केलं तर समज, लेखी नोंद, आणि त्या दिवसापुरतं ओतण्यावरून दुसऱ्या कामावर. ठेकेदाराच्या मुलाला आणि कायम कामगाराला हाच नियम, मालकाच्या पाहुण्याला पण हाच.

वैद्यकीय_सुरक्षा | बुधवार, सकाळी ७.३०

भट्टीजवळच्या उष्णतेचं जोडतो. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागायची वाट न बघता. पाण्याचा जार ओतण्याच्या जागेपासून वीस पावलांत हवा, लांब असला की कुणी जात नाही. घाम खूप जाणाऱ्यांना ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण लिटरमध्येच. ब्लड प्रेशर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट भट्टीपाशी उभं करू नका. पहिल्या दिवशी उष्ण जागेवर वेळेच्या २० टक्के, मग रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. मोठ्या सुट्टीवरून आलेल्या जुन्या माणसालाही दोन-तीन दिवस सांभाळून घ्या. पहिल्याच दिवशी चक्कर आलेला मुलगा आठवड्यात काम सोडतो, आणि म्हणतात, 'हल्लीच्या पोरांना काम नको.'

टिळकवाडी_वाचक | बुधवार, दुपारी १२.००

थोडं विषयाबाहेरचं, पण गावचं आहे म्हणून लिहितो. डिसेंबर १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव. व्यवस्था गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती आणि ना. सु. हर्डीकरांच्या सेवा दलाचे स्वयंसेवक राबत होते. गांधीजींचा सफाईवर किती जोर असे हे सर्वांना माहीत आहे. गाडगेबाबाही गावात आल्यावर आधी खराटा घेत, कीर्तन नंतर. सगळ्यात खालचं मानलेलं काम पुढाऱ्याने केलं की त्या कामाची आणि ते रोज करणाऱ्याची किंमत वाढते.

फाउंड्रीत ते काम नॉकआउट आणि फेटलिंगचं आहे: धूळ, आवाज, ग्राइंडर. सुपरवायझरने आठवड्यातून एकदा तासभर तिथे मास्क आणि कानाचे प्लग लावून काम करावं. ते फक्त दोन ऑक्टोबरला फोटोसाठी केलं तर न केलेलं बरं. माणसांना फरक लगेच कळतो.

उद्यमबाग_शिफ्ट | बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन प्रश्न. हे चालतंय हे कशावरून ओळखायचं? आणि भात कापणी, जत्रा आल्या की निम्मी शिफ्ट रिकामी होते, त्याला काय?

रेती_ओलावा | बुधवार, रात्री १०.०५

पहिल्याचं उत्तर: सुरुवातीला वहीतल्या नोंदी *वाढतात*. वरचे साहेब घाबरतात, म्हणतात तक्रारी वाढल्या. त्यांना आधीच सांगून ठेवा. अडचणी पूर्वीही होत्या, आता त्या दिसतायत. त्यानंतर 'थोडक्यात वाचलं' अशा घटना माणसं आपणहून सांगू लागतात, न सांगता मारलेल्या दांड्या कमी होतात, आणि रिजेक्शन सगळ्यात शेवटी उतरतं. नोंदींवर टार्गेट मात्र लावू नका, खोट्या नोंदी येतात.

रोज दोघांशी दहा मिनिटं वेगळं बोला, चालता चालता. ३० माणसं १५ कामाच्या दिवसांत होतात. विचारायचं एवढंच: काल काम कशाने अडलं, कुठलं नवीन काम शिकायचंय, माझ्याकडून काय राहिलंय. त्याच्यासमोर लिहीत बसू नका, आणि हातात नसलेलं वचन देऊ नका.

खानापूर_गट | गुरुवार, सकाळी ६.५०

दुसऱ्याचं मी सांगते, आमच्याकडची कापणी म्हणून. भात कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला येते, रोप लावणी जुलैच्या आसपास. जत्रांच्या तारखा गावागणिक वेगळ्या, सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा वेगळी. हे अचानक येत नाही. प्रत्येकाला तीन महिने आधी विचारून तारखा फळ्यावर मांडा, आणि कुणी कधी जायचं ते त्यांनाच आपसात ठरवू द्या. सुपरवायझरने आकडा तेवढा सांगावा: एका दिवशी जास्तीत जास्त इतके. आपण ठरवलेली पाळी माणसं पाळतात.

पॅटर्न_शॉप | गुरुवार, सकाळी ९.२०

ताईंच्या फळ्याशेजारी कौशल्याचा तक्ता लावा. उभ्याला नावं, आडव्याला कामं: मोल्डिंग, कोर बसवणं, रेती मिक्सर, ओतणं, फेटलिंग. प्रत्येक चौकटीत गोल आणि त्याचे चार भाग. एक भाग भरला तर शिकतोय, दोन म्हणजे कुणी शेजारी असताना करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. प्रत्येक कामाला तीन भाग भरलेली किमान तीन माणसं हवीत. ओतण्याला चार माणसं धरा, तिथे थकवा लवकर येतो. कापणीच्या दोन महिने आधी ज्या रकान्यात माणसं कमी दिसतील तिथे शिकवणी सुरू करा, आणि शिकवणाऱ्याच्या पेट्या त्या दिवसांत कमी पडणार हे पीस रेटमध्ये आधीच धरा. नाहीतर शिकवण्याचा भुर्दंड त्याच्याच खिशावर पडतो आणि तो शिकवायचं टाळतो.